नऊ चौकोन, चौदा पाइप

मुलं खेळत असताना माझी नजर खेळणाऱ्यांकडे कमी आणि कट्ट्यावर बसलेल्यांकडे जास्त जाते. पहिल्याच चेंडूवर बाद झालेला पोरगा, संघ पाडताना शेवटी उरलेली मुलगी. ती अर्धा तास बसून राहतात आणि पुढच्या रविवारी येतच नाहीत. नऊ चौकोनांच्या ज्या खेळाबद्दल बोलायला तुम्ही मला आज बोलावलंत, तो मला जवळचा वाटतो तो याच कारणाने. त्यात बाद झालेला थोड्याच वेळात पुन्हा आत येतो.

खेळ सोपा आहे. डोक्यावर पाइपांची चौकट, तिच्यात तीन-तीनच्या तीन ओळी, म्हणजे नऊ चौकोन. प्रत्येक चौकोनाखाली एक जण, मधल्यात राजा. राजा चेंडू वर उडवतो, तो चौकटीवरून दुसऱ्या कुणाच्या तरी चौकोनात उतरतो. त्याने तो जमिनीला टेकू न देता एकाच फटक्यात पुन्हा वर, दुसऱ्याच्या चौकोनात धाडायचा. चेंडू तुमच्या चौकोनात पडला, किंवा तुम्ही मारलेला बाहेर गेला, की तुम्ही बाहेर थांबलेल्यांच्या रांगेच्या शेपटाला. तुमच्या मागचे राजाच्या दिशेने एकेक घर पुढे सरकतात, रांगेतला पहिला आत येतो. संघ नाहीत, त्यामुळे कुणी कुणाला निवडत नाही.

अमेरिकेतल्या युवक गटांत हा खेळ बराच खेळला जातो, तिथे तयार संचही मिळतात. बाहेरचा खेळ आपल्या अंगणाच्या मापाने बसवून घ्यायला आपण का बिचकावं? खो-खोचे नियम 1914 साली डेक्कन जिमखान्याने बांधले, आणि बॅडमिंटनला तर इंग्रज एकेकाळी ‘पूना’च म्हणत. शिवाय तुमच्यातल्या निम्म्या जणांनी गणपतीचा मांडव उभा केलेला आहे. त्यापुढे हे काम काहीच नाही.

आता पाइप. पाण्याचा 40 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. वायरिंगचा पातळ पाइप स्वस्त मिळतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नका, तो मधोमध झोळीसारखा लोंबतो. बुरूड आळीतले बांबूही मी विचारात घेतले होते. पण बांबूचं प्रत्येक पेर वेगळं, जोड सारखे बसत नाहीत.

प्रत्येक चौकोन 6 फुटांचा धरा, म्हणजे पूर्ण चौकट 18 बाय 18. चारी बाजूंना धावायला सहा-सहा फूट मोकळे हवेत, म्हणजे 30 बाय 30 फुटांची जागा लागेल. उंची 7 फूट. पाचवी-सहावीची मुलं असतील तर 6 फूट पुरे.

खरी अडचण जोडांची आहे. अशा चौकटीत 16 जागी पाइप एकमेकांना मिळतात: चार कोपरे, कडेचे आठ आणि आतले चार. आतल्या जोडात चार दिशांनी आडवे पाइप येतात आणि खाली पाय जातो, म्हणजे पाच तोंडांचा जोड हवा. तसा जोड हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. मी भवानी पेठेत दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे उलगडा झाला: पाय जोडातूनच निघायला हवा असं कुणी सांगितलंय? जोडाला लागून बोटभर तुकडा घालून एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवा, तिचं मधलं तोंड खाली करा आणि त्यात पाय घाला. मग कोपऱ्यात साधा काटकोनी एल्बो चालतो, कडेला टी, आत चार तोंडांचा क्रॉस. एकूण 4 एल्बो, 4 क्रॉस आणि 24 टी. क्रॉस कधीकधी मागवून घ्यावा लागतो, म्हणून त्याची चौकशी आधी करा. आणि एका आडव्या पाइपवर एकच टी येईल अशी मांडणी कागदावर करून घ्या.

ही टी आणि तुकडा मिळून चार-साडेचार इंच जागा खातात. तेवढा तो आडवा पाइप आखूड कापायचा, नाहीतर चौकोन वाकडे होतात. टी हातात घेऊन मोजा, माझ्या मापावर जाऊ नका.

आमच्याकडे आठवीतली एक मुलगी होती, कायम कट्ट्यावर बसणारी. कापायच्या दिवशी मी तिला वही-पेन्सिल दिली. पाइप 6 मीटरचा, म्हणजे 19 फूट 8 इंच. त्यातून 7 फुटांचे दोन पाय काढले की खाली 5 फूट 8 इंचांचा तुकडा उरतो. मी तो भंगारात टाकायला निघालो होतो. ती वहीत बघत हळूच म्हणाली, “काका, थांबा. टीवाला पाइप 5 फूट 7 इंचांचाच आहे ना?” आम्ही मोजून पाहिलं. करवतीची फट जाऊनही तुकडा बरोबर बसला. पायांच्या आठ पाइपांतून असे आठ तुकडे निघाले आणि उरलेले सोळा आडवे सहा पाइपांत झाले. 14 पाइपांत अख्खं मैदान! त्या दिवसापासून टेप तिच्याच गळ्यात असायचा.

पहिल्या मैदानाच्या वेळी मी सगळे जोड सोल्युशनने चिकटवले. चौकट झकास उभी राहिली. संध्याकाळी ठेवायला उचलली, तर 18 फुटांचा तो सांगाडा कुठल्याच दारातून आत जाईना. दोन दिवस उन्हात राहिला, मग आम्ही तो कापला. ज्यांनी तो जोडला होता ती मुलं बघत उभी होती, आणि ते मला आजही बोचतं. म्हणून सोल्युशन फक्त एका टोकाला लावा: टी, तिचा तुकडा आणि पुढचा जोड एकत्र चिकटवून टाका. दुसरं टोक पॉलिश पेपरने घासून कोरडंच खोचा, आरपार भोक पाडून नट-बोल्ट घाला. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना ऑइलपेंटने एकच आकडा लिहा. म्हणजे 3 मध्ये 3, 9 मध्ये 9. दहा वर्षांची मुलंसुद्धा मोठ्यांशिवाय चौकट जोडतात.

पायांच्या तळाला एंड कॅप लावा. आतल्या चार पायांना जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या गुंडाळा, कारण वर बघत धावणारी मुलं तिथेच धडकतात. पाइपला लोंबकळायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. चेंडू हलका घ्या. पाइप मात्र सावलीत, आडवे ठेवा. उन्हात पीव्हीसी मऊ पडून वाकतो आणि वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की ठिसूळ होतो. मंडळाच्या खोलीत ढोलांच्या मागे चांगली जागा असते.

पैसे गोळा झाले की तयार संचच मागवू, असं मघाशी कुणीतरी म्हणालं. मागवा, पण मला तसं करावंसं वाटणार नाही. खेळायला न उतरणारं मूल पाइप धरायला येतं, मोजायला येतं, आकडे रंगवायला येतं. चौकट उभी राहीपर्यंत सगळ्यांना त्याचं नाव माहीत झालेलं असतं. मग रांगेत उभं राहायला त्याला कुणी बोलवावं लागत नाही.

पहिला पाइप मी टेबलावर आडवा ठेवलाय, 7 फुटांवर पेन्सिलची खूण आहे. करवत इथे आहे. मागच्या बाकावरच्या ताई, तुम्ही मघापासून टेपकडे बघताय. या, पुढे या, दुसरं टोक मी धरतो.