मूळ मुद्दा गेला कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

आधी एक संवाद ऐकवतो. मुलगी म्हणते, "बाबा, सिगारेट कमी करा ना आता. काल रात्रभर खोकत होतात."

"तू आधी तो मोबाइल खाली ठेव, मग मला शिकव."

"मोबाइलचं बघते मी. पण खोकल्याचं काय?"

"अगं, आमचा दामूकाका ऐंशीव्या वर्षापर्यंत ओढत होता. काही झालं नाही त्याला."

"बाबा, काकांचं सोडा, तुमचं बोलते आहे मी..."

"म्हणजे आता या घरात श्वाससुद्धा तुमच्या परवानगीनं घ्यायचा का? सांगा तसं!"

मुलगी गप्प बसते. वाद संपतो आणि बाबा जिंकले असं सगळ्यांना वाटतं. बाबांना तर वाटतंच.

आता बाबा जे बोलले ते सगळं घटकाभर खरं धरू. मुलगी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसत असेल. दामूकाका खरंच ठणठणीत असेल. श्वास घ्यायला कुणाची परवानगी लागू नये, हेही कबूल. तरी खोकला जिथल्या तिथेच! चुकीचा युक्तिवाद म्हटलं की समोरचा खोटं बोलतोय अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा तसं काही नसतं. मूळ मुद्दा हळूच बाजूला सरकवून त्याच्या जागी उत्तर द्यायला सोपा असा दुसरा मुद्दा आणून ठेवलेला असतो. आणि हे इतक्या सहज होतं, की करणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. आज मला बोलायचं आहे ते या अदलाबदलीबद्दल.

हा आजार जुना आहे. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलनं अशा फसव्या युक्तिवादांचे तेरा प्रकार मांडले. आपल्याकडे गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, तर वादात माणूस कुठे कुठे हरतो याची बावीस ठिकाणं दिली आहेत. त्यांना 'निग्रहस्थानं' म्हणतात. ही यादी मला फार आवडते, कारण ती भांडणं जवळून पाहिलेल्या माणसानं केलेली वाटते. आपलं विधान अंगाशी येतंय असं दिसताच त्याच्याऐवजी दुसरंच विधान पुढे करणं, हे एक निग्रहस्थान: प्रतिज्ञांतर. विषयाशी संबंध नसलेलं काहीतरी बोलत सुटणं, हे दुसरं: अर्थांतर. आणि बाबांनी मोबाइलचं जे काढलं, त्यालाही तिथे जागा आहे. त्याला मतानुज्ञा म्हणतात. 'तुझ्यातही तोच दोष आहे' असं म्हणणारा स्वतःवरचा आरोप खोडत नाही, उलट न बोलता तो कबूल करून बसतो. म्हणून न्यायशास्त्राच्या हिशेबात बाबा पहिल्याच वाक्यात हरले होते. मुलीला ते कळलं नाही, ती मोबाइलचा खुलासा करायला गेली आणि फसली. "बरं, मोबाइल ठेवला खाली. आता खोकल्याचं बोलू," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

दामूकाकांचं प्रकरण मात्र इतक्यात मिटणारं नाही. त्याच्यावर जरा थांबू या, कारण अशी उदाहरणं आपल्यावर जबरदस्त परिणाम करतात. काकाला आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आकडेवारीला चेहरा नसतो.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन ब्रिटिश संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण त्यांनी घेतले आणि तुलनेसाठी हा कर्करोग नसलेले, दुसऱ्या आजारांसाठी रुग्णालयात आलेले तितकेच रुग्ण घेतले. दोन्ही गटांत पुरुष ६४९. कर्करोग झालेल्या पुरुषांत कधीच धूम्रपान न करणारे निघाले फक्त दोन. दुसऱ्या गटात निघाले २७. आता हाच आकडा उलटा करून पाहा. फुप्फुसाचा कर्करोग नसलेल्या ६४९ पुरुषांपैकी ६२२ जण धूम्रपान करणारे होते! म्हणजे दामूकाका काही दुर्मिळ माणूस नव्हता, असे काका त्या काळी रग्गड होते. काकाचं उदाहरण खरं असतं आणि तरीही त्यानं काही सिद्ध होत नाही. ओढणारा प्रत्येक जण मरतो, असं मुलगी म्हणालीच नव्हती. धोका वाढतो, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ होता. 'प्रत्येक जण' हे विधान एका काकानं कोसळतं. 'धोका वाढतो' हे एका काकानं हलतही नाही. बाबांनी तिचं 'धोका वाढतो' हे विधान उचललं, त्याजागी 'प्रत्येक जण' हे ठेवलं आणि ते पाडून दाखवलं. शिवाय पन्नाशीत गेलेल्या काकांचे किस्से कोण सांगतो? किस्सा उरतो तो उरलेल्यांचा.

आता याच विषयातला एक फार मोठा माणूस पाहू. रोनाल्ड फिशर. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९५७-५८च्या सुमारास फिशर यांनी 'धूम्रपानानं कर्करोग होतो' या निष्कर्षावर जाहीर हल्ला चढवला. त्यांचं म्हणणं असं: दोन गोष्टी सोबत आढळतात, एवढ्यावरून एक दुसरीचं कारण ठरत नाही. कदाचित एखादा आनुवंशिक गुण असेल, जो माणसाला धूम्रपानाकडेही ओढतो आणि कर्करोगाकडेही. तसं असेल तर सिगारेट बिचारी निर्दोष.

फिशर स्वतः पाइप ओढायचे. तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. हे ऐकलं की आपण लगेच म्हणतो, "हं, आलं लक्षात!" आणि त्यांचा युक्तिवाद ऐकायचं बंद करतो. इथे आपलीच गफलत होते. फिशर नुसतं 'मी सांगतो म्हणून ऐका' म्हणाले असते, तर पैसे कुठून येतात हा प्रश्न अगदी रास्त होता. साक्षीदाराचा हितसंबंध तपासायलाच हवा. पण त्यांनी कारण दिलं होतं, आणि कारण तपासायचं ते कारण म्हणून. ते कुणाच्या तोंडून आलं, यावर त्याचं खरंखोटं ठरत नाही.

तसं तपासणारे लोक निघाले, हे विज्ञानाचं भाग्य. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिशर यांचं म्हणणं गंभीरपणे घेतलं आणि हिशेब मांडला. सिगारेट ओढणाऱ्यांत हा कर्करोग न ओढणाऱ्यांच्या नऊपट दिसत असेल आणि तो सगळा त्या गुप्त गुणामुळे असेल, तर तो गुणही ओढणाऱ्यांत किमान नऊपट जास्त आढळायला हवा. इतका मोठा फरक दाखवणारा गुण आहे कुठे? कुणालाच तो दाखवता आला नाही. शिवाय सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका पुढे कमी झालेला दिसत होता. जन्मजात गुण काही सिगारेट सोडल्यानं बदलत नाही. फिशरना विकाऊ न म्हणता, त्यांच्या पाइपचा विषय न काढता युक्तिवाद पुरता मोडला. मला विचाराल तर वादविवाद शिकायचा असेल त्यानं हे प्रकरण मुळापासून वाचावं.

इथवरच्या अदलाबदली तशा पकडता येण्याजोग्या होत्या. काही मात्र शिकल्यासवरल्या माणसांनाही दिसत नाहीत, कारण त्या आकड्यांच्या आड होतात. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईवर स्वतःच्या दोन बाळांच्या खुनाचा खटला चालला. बाळं एकामागून एक, वेगवेगळ्या वर्षी, अचानक दगावली होती. एका नामवंत बालरोगतज्ज्ञांनी साक्ष दिली, की अशा सधन, धूम्रपान न करणाऱ्या कुटुंबात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. आईला जन्मठेप झाली.

हा आकडा आला कुठून? एक बाळ असं दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली आणि ८,५४३ ला ८,५४३ नं गुणलं. असं गुणायचं तर दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे आधी ठाऊक हवं. एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या बाळांबद्दल ते कसं गृहीत धरणार? काही आनुवंशिक कारण असेल, तर पहिल्या बाळानंतर दुसऱ्याचा धोका वाढतो.

पण त्याहून मोठी चूक पुढे होती. ती जरा सावकाश सांगतो. 'आई निर्दोष असेल, तर असं घडण्याची शक्यता किती?' हा एक प्रश्न. 'असं घडलंच आहे, तर आई निर्दोष असण्याची शक्यता किती?' हा दुसरा. कानाला दोन्ही सारखेच लागतात. साक्षीतला आकडा पहिल्या प्रश्नाचा होता, ऐकणाऱ्याच्या मनात तो दुसऱ्याचं उत्तर होऊन बसतो. दुसऱ्याचं उत्तर हवं असेल, तर आणखी एक गोष्ट विचारावी लागते: आईनंच आपल्या दोन बाळांना मारणं हे तरी कितीसं घडतं? तेही अतिशय दुर्मिळच. म्हणजे दोन दुर्मिळ गोष्टींची एकमेकींशी तुलना करायला हवी होती. तिथे एकच दुर्मिळ गोष्ट समोर ठेवली गेली आणि तिच्या आकाराला लोक घाबरले. २००१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनं या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात ती निर्दोष सुटली. मुख्य कारण बचाव पक्षापासून दडून राहिलेले वैद्यकीय अहवाल हे होतं, पण त्या आकड्यावरही न्यायालयानं ताशेरे ओढले. तोवर तिची तीन वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती.

तज्ज्ञाचं ऐकू नये का मग? ऐकावं, न ऐकून चालतच नाही. फक्त तो ज्या विषयातला तज्ज्ञ आहे, त्यातलंच तो बोलतोय ना, एवढं पाहावं. बालरोगतज्ज्ञ बाळांबद्दल बोलत होते तोवर ठीक होतं. गुणाकार सुरू झाला तिथे त्यांचा अधिकार संपला होता.

बाकीचे प्रकार रोजचेच आहेत, भराभर सांगतो. 'एक तर तू माझ्या बाजूचा, नाहीतर माझा शत्रू' असं म्हणणारा मधले सगळे रस्ते बंद करतो. 'आज एक सवलत दिली तर उद्या सगळंच द्यावं लागेल' हे कधी खरं असतं, कधी नसतं, त्यामुळे आजपासून उद्यापर्यंतची प्रत्येक पायरी दाखवायला सांगायची. 'आमच्या संघटनेतला माणूस असं करत नाही' म्हणायचं, आणि केलेला दाखवला की 'तो खरा आमचा नव्हेच' म्हणायचं, यात विधान वाचतं पण त्यात अर्थ काही उरत नाही. 'मी फक्त प्रश्न विचारतोय' म्हणत आयुष्यभर दुसऱ्याची बाजू उकरणारे तर आपल्या ओळखीचेच. स्वतःची काहीच बाजू न मांडता नुसतं खंडन करत राहणं यालाच न्यायसूत्रांत वितंडा म्हटलं आहे. गंमत म्हणजे गौतम ती सरसकट वर्ज्य करत नाहीत. कोवळा अंकुर जपायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तशी तत्त्वाच्या रक्षणापुरती वितंडा चालेल, असं ते म्हणतात. मला ही सवलत थोडी धोक्याची वाटते. आपलं बोलणं म्हणजेच तो अंकुर, अशी प्रत्येकाचीच खात्री असते.

आणि आता ज्यांना या प्रकारांची नावं पाठ झाली आहेत त्यांच्याबद्दल. समोरच्यानं तोंड उघडलं की हे लोक शिक्का मारतात: 'हा व्यक्तिगत हल्ला', 'हे विषयांतर'. शिक्का मारला की उत्तर द्यायची जबाबदारी संपली. पण युक्तिवाद लंगडा असला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. मुलीनं उद्या "सगळे डॉक्टर सांगतात म्हणून सोडा" असं कच्चं कारण दिलं, तरी सिगारेट वाईटच राहते. आणि पुष्कळदा शिक्काच चुकीचा असतो. पैसे खाल्ल्याचा आरोप असलेल्या उमेदवाराचा जुना व्यवहार काढणं हा व्यक्तिगत हल्ला नव्हे, कारण तिथे ती व्यक्तीच मुद्दा आहे. त्याच उमेदवारानं मांडलेला पाण्याचा हिशेब खोडायला तोच जुना व्यवहार काढला, तर मात्र तो हल्ला. एकच वाक्य एका ठिकाणी रास्त, दुसऱ्या ठिकाणी गैर. मुद्दा काय चालला होता हे पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही.

त्या बावीस निग्रहस्थानांत याचीही सोय आहे, आणि ती दुहेरी आहे. समोरचा चुकला असताना ती चूक दाखवायची राहून गेली, तर तुम्ही हरलात. याला पर्यनुयोज्योपेक्षण म्हणतात. आणि समोरचा चुकलेला नसताना चुकला म्हणून बोट दाखवलंत, तरीही हरलात तुम्हीच. ते निरनुयोज्यानुयोग. पहिल्या कारणानं माणूस घरात हरतो, वडीलधाऱ्यांपुढे, साहेबांपुढे. दुसऱ्या कारणानं हरणारे संध्याकाळच्या कुठल्याही चर्चेत एका वेळी चार-पाच जण तरी ऐकायला मिळतात. आज रात्री एखादी चर्चा ऐकाल तेव्हा कोण जिंकतंय ते जरा बाजूला ठेवा. पहिला प्रश्न काय होता तेवढा एका कागदावर लिहा, आणि दर पाच मिनिटांनी कागदाकडे बघा.

नमस्कार.