बॅटरी गेली की अल्टरनेटर?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी चावी फिरवली आणि गाडीनं नुसतं 'कट्' केलं, की घरातला पहिला माणूस म्हणतो, "बॅटरी गेली." धक्का मारायला आलेली गल्लीतली पोरंही तेच म्हणतात. दुपारपर्यंत जुनी बॅटरी मोडीत घालून नवी बसवलेली असते. आणि आठवडाभरानं पुन्हा तेच 'कट्'.

बॅटरीवर खापर फोडणं सोपं आहे, कारण ती समोर दिसते आणि दहा मिनिटांत बदलता येते. अल्टरनेटर, म्हणजे आपली जुनी माणसं ज्याला अजून डायनामो म्हणतात तो, इंजिनाला खेटून पट्ट्यावर फिरत असतो. त्याच्याकडे कोण बघतं? बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी, अल्टरनेटर म्हणजे बोअरची मोटर. टाकी रिकामी दिसली म्हणून कुणी टाकी बदलत नाही, आधी मोटर चालू आहे का ते बघतो. गाडीत मात्र आपण थेट टाकीच बदलतो.

यावर उपाय म्हणजे साधा मल्टीमीटर. बांधावर पंपाच्या पेटीसाठी तो कित्येकांकडे असतोच. डीसी व्होल्टच्या २० या खुणेवर ठेवा आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण घाई नको. उतरलेली बॅटरी खराबच असते असं नाही, तिला कुणी भरलंच नसेल.

आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. बॅटरी भरलेली असूनही आकडा साडेनऊच्या बराच खाली, सात-आठवर कोसळला, तर तिच्यात दम उरलेला नाही. आकडा बारावरच टिकला आणि सेल्फ तरी फिरला नाही, तर दोष बॅटरीत नाही. टर्मिनल, अर्थिंगची वायर किंवा सेल्फच बघा.

गाडी सुरू झाली की खरी परीक्षा. आकडा साधारण १३.८ ते १४.५ मध्ये हवा. हेडलाइट, एसी लावून थोडा रेस दिला तरी तो साडेतेराच्या आसपास टिकायला हवा. १२.३ दिसतोय आणि हळूहळू उतरतोय, म्हणजे चार्जिंग होतच नाही. उलट १५ च्या वर गेला तर चार्जिंग आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला. बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि नवी टाकली तरी तीही तशीच जाते. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, म्हणून आकडा मध्येच तेरावर येऊ शकतो. हेडलाइट लावून पुन्हा बघायचं.

आमच्याकडे एका काळीपिवळी जीपवाल्यानं लागोपाठ दोन बॅटऱ्या बदलल्या, मग अल्टरनेटर खोलायला निघाला. म्हटलं, थांबा. अल्टरनेटरच्या पाठीमागच्या बोल्टवर मीटर टेकवला तर १४.३, बॅटरीवर १२.४. वीज तयार होत होती, पण पोचत नव्हती. जाड वायरच्या टोकाची कडी, म्हणजे लग, ढिला होऊन काळा पडला होता. पॉलिश पेपरनं घासला, नट आवळला, झालं. अशा वेळी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर एकदा आणि वरच्या क्लॅम्पवर एकदा, असं दोन्हीकडे मोजावं. मधल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीतच कधी कधी सगळी भानगड असते.

अल्टरनेटरच बिघडला असेल तरी लगेच नवा घेऊ नका. पट्टा ढिला आहे का, कार्बन ब्रश झिजलेत का, हे आधी बघायला सांगा. काम बऱ्याचदा थोडक्यात भागतं.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मुळात चार्जिंगचा दिवा आहे. चालत्या गाडीत तो पेटला तर पुढचा प्रवास फक्त बॅटरीवर चाललाय असं समजा. रात्री मांजरसुंब्याच्या घाटात हेडलाइट पिवळे पडायला लागले, की एसी, टेप बंद करा आणि उजेडाची जागा गाठा.

एक जुनी सवय सोडा. गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडतंय का बघायचं, ही परीक्षा जुन्या जीपवर चालून जायची. आजच्या गाडीत व्होल्टेज उसळतं आणि महागडा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

बॅटरी चांगली, चार्जिंगही चांगलं, तरी सकाळी गाडी थंड? मग रात्री कुणीतरी करंट खातंय. टेप, जीपीएस, नाहीतर अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे करंट उलटा जाऊ न देणारा भाग. पहाटे गाडी सुरू करण्याआधी अल्टरनेटरला हात लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो कोमट लागला तर डायोड लीक आहे.

आपल्या मराठवाड्यात बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं मात्र डिसेंबरात. परभणी-नांदेडच्या बेचाळीस अंशांत पाणी आटतं, आतल्या पट्ट्या झिजतात. मग थंडीत ऑइल घट्ट झालं, की सेल्फला जास्त जोर लागतो आणि ती हात टेकते. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको, आरओचंही नको. आणि झाकण उघडताना तोंडात विडी नको. आतून हायड्रोजन निघतो, पेटायला तो ठिणगीचंच निमित्त शोधत असतो.