भुईमुगाचा वाण आणि बियाण्याचं पोतं

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईकराला भुईमूग भेटतो तो लोकलमध्ये टाइमपास म्हणून, नाहीतर उपासाच्या खिचडीत. पण याच शहरात, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, भुईमुगाचे वाण घडले हे किती जणांना ठाऊक आहे? ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या जुन्या वाणाच्या बियांवर, त्यांचे गुण बदलावेत म्हणून, तिथे क्ष-किरण सोडले, पुढच्या पिढ्यांतली बहुतेक झाडं निकामी म्हणून टाकली आणि मोजकी ठेवली. त्यातूनच १९७३ साली टपोऱ्या दाण्याचा टीजी-१ आला. (किरण बियांवर एकदाच सोडतात. तुमच्या चटणीत किरणोत्सर्ग नसतो, निर्धास्त खा.) पुढे १९९१ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर टीएजी-२४ केला. झाड बुटकं, पाला बेताचा आणि जोर शेंगांवर. ओलिताच्या उन्हाळी भुईमुगाला तो चांगलाच मानवला.

कोरडवाहू खरिपाचं तसं नाही. भुईमुगाचं फूल उमलतं वर आणि शेंग धरते जमिनीत. आऱ्या, म्हणजे फुलापासून खाली वाढून टोकाला शेंग धरणारे देठ, मातीत शिरायच्या वेळी पावसानं उघडीप दिली की वरचा थर टणक होतो, आऱ्या वरच सुकतात. पीक निघायच्या सुमारास ताण बसला, तर दाणा सुरकुततो आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. उलट काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, तर उपट्या, म्हणजे न पसरता उभ्या वाढणाऱ्या, वाणाच्या शेंगा जमिनीतच उगवतात, कारण त्यांच्या बियांना सुप्तावस्था नसते. म्हणजे लवकर येणारा आणि तरीही थोडे दिवस न उगवणारा वाण हवा. ट्रॉम्बेच्याच टीजी-२६ मध्ये अशी सुमारे वीस दिवसांची सुप्तावस्था आहे.

असे गुण एका वाणात आणायला दोन वाणांचा संकर करावा लागतो, आणि ते फार किचकट काम. फूल स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून आदल्या संध्याकाळी कळी हलक्या हातानं उघडून चिमट्यानं पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा आणि आरी ओळखता यावी म्हणून दोरा बांधायचा. एवढं करून हाती येते एक शेंग, त्यात दाणे दोन. त्यातही काही संकराचे निघतच नाहीत.

पण माझ्या मते खरी अडचण यापुढे आहे. हेक्टरी ज्वारीचं बी लागतं दहा किलो आणि भुईमुगाचे दाणे शंभर किलो. कोरडवाहू रानात हेक्टरी हजार किलो शेंगा निघाल्या, त्यातून सातशे किलो दाणे आले, तर ते पुढच्या साली सातच हेक्टरला पुरणार. तेवढीच ज्वारी पिकली, तर शंभर हेक्टर पेरून होतील. शिवाय भुईमुगाचं बी घरचं ठेवता येतं, दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही, म्हणून खासगी कंपन्यांना त्यात रस कमी. आंध्रातल्या अनंतपूर या दुष्काळी जिल्ह्याचंच पाहा. तिथे १९४० सालचा टीएमव्ही-२ हा वाण कित्येक दशकं पेरला जात होता. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं शेतकऱ्यांच्याच रानात चाचण्या घेऊन आयसीजीव्ही ९१११४ पुढे आणला, तो २००६ मध्ये प्रसारित झाला. शेतकऱ्यांनी तो पसंत करताना शेंगांइतकाच पालाही पाहिला. बैल खाणार काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत सहसा कुणी विचारत नाही. म्हणून मला वाटतं, नवा वाण जाहीर करताना त्याचं बियाणं कोण, किती आणि कुठे वाढवणार, हेही त्याच दिवशी ठरलं पाहिजे.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची गावाकडे, साताऱ्यात किंवा जळगावात शेती असेल. घरच्यांना सांगा, गटानं मिळून एक एकर बियाण्यासाठीच राखा, वेगळी झाडं दिसतील तिथे उपटून टाका आणि बी शेंगेतच साठवा. पेरणीला आठवडाभर उरला की मग फोडा; आधी फोडलेल्या दाण्याची उगवणशक्ती लवकर घटते. नमस्कार.