दिवा मिचमिचतो, मिक्सर अडतो

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरापर्यंत विजेचा खांब अजून पोहोचलेला नाही, शेतावरच्या घरात, पाड्यावर किंवा डोंगरातल्या वस्तीवर जे सोलर पॅनल, बॅटरी आणि इन्व्हर्टरवर संसार चालवतात, त्यांच्यासाठी आज बोलणार आहे. मी हीच दुरुस्तीची कामं करतो. एक तक्रार मला फार वेळा ऐकू येते. "दादा, इन्व्हर्टर साडेआठशेचा आहे, पण साधा दिवा नीट लागत नाही आणि मिक्सर लावला की टूं-टूं करून बंद पडतो. मोठा इन्व्हर्टर घेऊ का?"

थांबा. पैसे घालवण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासू.

अकोले तालुक्यात, घाटघरच्या बाजूला एका घरी गेलो होतो. श्रावण होता, पाऊस थांबत नव्हता. घरात दोन पॅनल, एक १५० अँपिअर-तासाची बॅटरी आणि ८५० व्हीएचा इन्व्हर्टर (व्हीए म्हणजे इन्व्हर्टर किती भार पेलतो त्याचं माप). रात्री टीव्ही चालू असेपर्यंत ५ वॅटचा एलईडी दिवा छान लागायचा. टीव्ही बंद केला की तोच दिवा सेकंदा-सेकंदाला मिचमिचायचा. त्यांनी तीन दिवे बदलून पाहिले होते. उन्हाळ्यात हे होत नव्हतं, असंही सांगितलं, आणि तिथेच मला दोष कळला. उन्हाळ्यात पंखा चालू असतो!

ऑफ-ग्रिड, म्हणजे खांबाच्या विजेशी न जोडलेल्या इन्व्हर्टरमध्ये पुष्कळदा 'पॉवर सेव्ह' नावाची सोय असते. घरात काहीच चालू नसेल तर इन्व्हर्टर झोपतो आणि दर सेकंदाला क्षणभर वीज सोडून चाचपतो, कुणी काही लावलंय का? २०-२५ वॅटच्या वर भार दिसला तर जागा होतो, नाहीतर परत झोपतो. एकटा ५ वॅटचा दिवा किंवा मोबाइलचा चार्जर त्याच्या हिशेबात येतच नाही. दिव्यात दोष नाही, इन्व्हर्टरमध्येही नाही. ती सोय बंद केली की मिचमिच थांबते.

पण बंद केल्यावर इन्व्हर्टर दिवसरात्र जागा राहतो, आणि जागं राहायलाही वीज लागते. समजा १५ वॅट. २४ तासांचे झाले ३६० वॅट-तास. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत सगळी मिळून १८०० वॅट-तास वीज असते आणि बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरावी. म्हणजे वापरायच्या ९०० पैकी ३६० काहीही न करता गेले. मोठा इन्व्हर्टर आणला असता तर तो रिकामाच याहून जास्त खाऊन बसला असता. म्हणून मी त्या घरात रात्रीचे दोन दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग थेट १२ व्होल्टवर घेतलं. १२ व्होल्टचे एलईडी दिवे मिळतात, गाडीत लावायचा चार्जरही चालतो. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला फ्यूज मात्र हवाच. आता जेवणं झाली की इन्व्हर्टर बटणाने बंद करतात.

आता मिक्सर. ५०० वॅटचा मिक्सर ८५० व्हीएच्या इन्व्हर्टरवर चालायला हवा. सुरू होताना मोटर काही क्षण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते, हे खरं. पण इथे आलार्म वाजत होता तो 'लो बॅटरी'चा, ओव्हरलोडचा नाही. इन्व्हर्टरवरचा कुठला दिवा लागतो ते नीट बघत चला, अर्धं उत्तर तिथेच असतं.

घरातल्या आईंना म्हटलं, "आई, मी सांगेन तेव्हा मिक्सर एकवर फिरवा." व्होल्टेज मोजायच्या मल्टिमीटरच्या सुया आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवल्या, खुंटांवर वायर आवळणाऱ्या क्लॅम्पवर नाही. मिक्सर रखडत फिरत असताना १२.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरी दणकट. मग सुया क्लॅम्पवर ठेवल्या, तर ११.५. शेवटी इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर १०.५, आणि आलार्म वाजला. बॅटरीतून निघालेले १.६ व्होल्ट वाटेतच गळाले होते. बॅटरीतून तेव्हा साधारण ५० अँपिअर वाहत होते. म्हणजे ८० वॅट नुसते वायर आणि क्लॅम्प तापवण्यात जात होते. क्लॅम्पला बोट लावलं तर चटका बसला. त्याखाली पांढरी-हिरवी राख साठली होती.

वायर होती सहाची, ६ चौरस मिलिमीटरची, जायला ३ मीटर आणि यायला ३. बॅटरी ओट्यावर आणि इन्व्हर्टर आतल्या खोलीत. बसवणाऱ्याने २३० व्होल्टचा विचार करून वायर निवडली होती. २३० व्होल्टवर ५०० वॅटला सव्वादोन अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर तेच काम करायला पन्नास. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणावा आणि लांब ओढायचीच झाली तर २३० व्होल्टची वायर ओढावी. बॅटरीच्या बरोब्बर वर मात्र इन्व्हर्टर टांगू नका, चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. तिथे विडी-काडीही नको.

सफाई तुम्हीही करू शकता. आधी पॅनलचा स्विच बंद करा, मग इन्व्हर्टर. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा, लावताना ती शेवटी लावा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने राख घासा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून क्लॅम्प पान्याने घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका. ती वीज बॅटरीतून आली असली तरी खांबावरच्या विजेइतकीच जीवघेणी आहे.

खुंटांवरच व्होल्टेज अकराच्या खाली कोसळत असेल, तर मग बॅटरीकडे वळा. तिच्यातल्या डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. पावसाळ्यात आठवडा-आठवडा ऊन नसतं, बॅटरी अर्धवट भरलेलीच राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं. अशा दिवसांत मिक्सर दुपारी, उजेडाचं बळ सगळ्यात जास्त असेल तेव्हा लावा. पंखा घूं-घूं करत असेल तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे तुटक लाटेची वीज देणारा असेल. नवा घ्यायची वेळ येईल तेव्हा साइन वेव्हचा, म्हणजे खांबावरच्या विजेसारखी सलग लाट देणारा घ्या, त्यासाठी आजच धावू नका.

त्या घरी पुन्हा गेलो ते पंचवीस चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेऊन. इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारच्या भिंतीवर आणला, मध्ये एक मीटरसुद्धा अंतर ठेवलं नाही, आणि पॉझिटिव्हवर बॅटरीलगत १०० अँपिअरचा फ्यूज घातला. आईंनी ओल्या खोबऱ्याचं वाटण लावलं. मी सुया इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर धरून बसलो होतो. मिक्सर पूर्ण वेगात, आणि मीटरवर १२ व्होल्ट.