दोन माणसं, एक काच

(दृश्य: नाशिकचं अंबड. वेल्डिंगची पत्र्याची शेड, ट्रॉलीचा सांगाडा.)

ही ट्रॉली निफाडच्या शेतकऱ्याची. कांदा निघायच्या आत त्याला हवी आहे. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तयार आहे, आता अँगल, म्हणजे लोखंडी कोनपट्ट्या, उभे करायचे. हेल्पर अँगल धरतो, काटकोन बघायला गुण्या लावतो, मान हलवतो. मिस्त्री काळी काच तोंडापुढे घेतो आणि वेल्डिंगचा छोटा टाका मारतो. लगेच पुढचा अँगल. आख्खी ट्रॉली आधी अशी टाक्यांवर उभी राहते, पक्का जोड नंतर.

(दृश्य: रॉडचं टोक, जवळून.)

वेल्डिंगचा दहा नंबरचा रॉड, शंभरएक अँपिअर करंट. टोक लोखंडाला टेकवून किंचित उचललं की मधल्या फटीतून वीज वाहू लागते. तिथलं तापमान ५,००० अंशांच्या आसपास. उजेड दिसतो, अतिनील किरणं दिसत नाहीत. सूर्याची सर्वांत घातक अतिनील किरणं, म्हणजे यूव्ही-सी, वातावरणात वरच अडतात. इथे ती हातभर अंतरावर तयार होतात.

मिस्त्रीच्या काचेचा काळेपणाचा नंबर अकरा. किरणं तिथे थांबतात.

(दृश्य: हेल्परचा चेहरा.)

हेल्परचे दोन्ही हात अँगलला गुंतलेले. काच दिली तरी तो धरणार कशी? मान वळवतो, डोळे मिटतो. पण टाका नेमका कधी पडणार, हे त्याला कळत नाही. चकचकीत पत्र्यावर आपटून किरणं बाजूनेही येतात.

(दृश्य: रात्र. कामगारांची खोली.)

सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजलेला असतो. एक-दोन दिवसांत उतार पडतो आणि तो कामावर परततो. वर्षानुवर्षं असंच चाललं तर मोतीबिंदूचा धोका वाढतो. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी डोळ्याचा कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटलं आहे.

(दृश्य: सातपूर. दुसरी शेड.)

इथे हेल्परच्याही डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट आहे, दोन्ही हात मोकळे. बाजूच्या कटरवाल्यासाठी मध्ये पडदा लावलाय आणि त्याला पॉलीकार्बोनेटचा साधा पारदर्शक चष्मा दिलाय. तोही बहुतेक अतिनील किरणं अडवतो, फक्त त्यातून जोडाकडे बघायचं नाही. डोळ्यांसाठी पडदा किंवा चष्मा द्यावा, हे १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३५मध्येच लिहिलेलं होतं. एका ट्रॉलीच्या किमतीत हा खर्च दिसणारही नाही. मालकांनो, पुढची ऑर्डर घेण्याआधी दुसरं हेल्मेट घ्या.