ब्रेड दुकानातला, सारण आपल्या घरचं

नमस्कार तायांनो. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी चुलीपुढं बसायला जीव होत नाही. पोटाला हलकं हवं असतं, पण आधारही हवा. अशा वेळी सँडविच फार कामाचं आहे. त्यासाठी चीज आणि सॉसच्या बाटल्या आणायची गरज नाही. चांगल्या सँडविचला लागतं ते सारण विदर्भातल्या घराघरात आहे, आणि ते बाजारच्यापेक्षा सरस आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईतला सँडविचवाला काम कसं करतो ते पाहा. ब्रेडच्या पार काठापर्यंत आधी लोणी लावतो, मग हिरवी चटणी, मग आलू, बीट, काकडी, टमाटर. लोणी आधी लावायला कारण आहे. त्याच्या थरामुळं चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. सँडविच बिघडतं ते ओलाव्यानंच. म्हणून काकडी-टमाटरला आधीपासून मीठ लावून ठेवू नका, मिठानं पाणी सुटतं. खायच्या वेळी वरून भुरभुरा.

आता कोरडं आणि चवदार सारण म्हटलं की मला पहिली आठवते ती पाटवडी. आपण ती रश्शात टाकतो, पण ब्रेडमध्ये ती इतकी नेमकी बसते की वेगळं काही शोधावं लागत नाही. एक वाटी बेसन, दोन वाट्या पाणी. जिऱ्याची फोडणी, त्यात लसण-मिरचीचा ठेचा, हळद, मीठ. पाण्याला उकळी आली की बेसन हळूहळू सोडत घोटत राहायचं, गुठळी राहू द्यायची नाही. झाकण ठेवून दणदणीत वाफ आणा. गोळा कढईची कड सोडू लागला की तेल लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडानं पातळ थापा. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि खोबऱ्याचा कीस दाबा. पूर्ण थंड झाल्याशिवाय सुरी लावू नका, गरम कापली तर मोडते. मग ब्रेडच्या मापाचे तुकडे करा, घरचं लोणी लावा, पातळ चिरलेला कांदा ठेवा आणि तव्यावर सराट्यानं दाबून दोन्ही बाजू खरपूस करा. गहू आणि हरभरा एकत्र आले की एकातलं उणं प्रथिन दुसरं भरून काढतं, आणि थोडक्यात पोट भरतं.

लोण्यावर जवसाची चटणी दाबलीत तर आणखी छान. जवस तडतडेपर्यंत भाजा आणि आठ दिवसांपुरतीच कुटा. त्यात तेल पुष्कळ असतं, कुटलेली चटणी लवकर खवट होते.

वांग्याचं भरीतही चालतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याला जो धुराचा वास येतो, तो गॅसवर येत नाही. पण भरीत ओलं असतं. ते कढईत परतून कोरडं करा, ब्रेड आधी शेकून घ्या आणि भरून लगेच वाढा.

ब्रेड घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचा. जे सगळ्यात जास्त असतं ते तिथं पहिलं लिहिलेलं असतं. नाव ब्राऊन ब्रेडचं आणि यादीत पहिला मैदा, असं पुष्कळदा दिसतं. तपकिरी रंग कॅरमलचाही असू शकतो. आणि फ्रिजमध्ये ब्रेड लवकर वाळतो. दोन दिवसांत संपणार असेल तर डब्यात बाहेरच ठेवा. थोडा शिळा ब्रेड तव्यावर उलट जास्त कुरकुरीत होतो.

ब्रेड मिळालाच नाही तर ज्वारीचं धिरडं करा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं त्याचा पाव फुगत नाही, पण पातळ धिरडं मस्त होतं. मूठभर बेसन मिसळलं की दुमडताना चिरत नाही. आत पाटवडी ठेवा, नाहीतर फडक्यात बांधून घट्ट केलेल्या दह्यात किसलेलं गाजर आणि सांबार घालून पसरा. लेकरं मागून मागून खातात.

वावरात न्यायचं असेल तर दही आणि उकडलेला आलू मात्र टाळा. आपल्याकडच्या उन्हात असं सारण तासाभरात धोक्याचं होऊ शकतं. चटणी-लोण्याचं सँडविच न्या, सुती फडक्यात गुंडाळा, आणि कांदा-काकडी अख्खी नेऊन तिथंच कापा.