मुंगूस न वसलेलं बेट

श्रोतेहो, नमस्कार. आज हवाई बेटांवरच्या घरबदलाविषयी बोलू. नेहमीच्या सहलीच्या वर्णनाला आज सुट्टी. तिथे राहणाऱ्या माणसाला एका बेटावरचं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या बेटावर मांडायचं असतं, तेव्हा काय काय करावं लागतं ते ऐका. वाट धरू हिलो ते काउआई. हिलो हे हवाई याच नावाच्या, पण सगळे ज्याला ‘मोठं बेट’ म्हणतात त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारं गाव. काउआई बेटांच्या माळेच्या वायव्य टोकाकडे. मध्ये 500 किलोमीटरच्या आसपास समुद्र.

या दोन बेटांमध्ये गाडी चढवून घेऊन जाणारी फेरीबोट नाही. माणसं विमानाने जातात, बहुधा ओआहू बेटावरच्या होनोलुलूला विमान बदलून. गाडी आणि जड सामान जातं बार्जवर. सपाट तळाचा तराफाच म्हणा, टगबोटीने ओढत नेलेला. 1900 साली सुरू झालेली यंग ब्रदर्स ही कंपनी हे काम करते. हिलोचं सामानही होनोलुलूमार्गे जातं, म्हणून माणूस आधी पोचतो आणि सामान मागून येतं. चार दिवसांचे कपडे, औषधं, एक पातेलं आणि एक सुरी हातातल्या पिशवीत असू द्या.

गाडी बार्जवर द्यायची तर टाकीत पाव टाकीहून जास्त पेट्रोल नको. नोंदणीचा कागद आणि फोटोचं ओळखपत्र जवळ हवं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं पत्र हवं. गाडीत सामान भरून पाठवायची युक्ती चालत नाही, गाडी रिकामी लागते. आणि ती स्वच्छ लागते. नुसती वरून चकचकीत करून भागत नाही. चाकांवरच्या कमानींच्या आत, पायपुसण्यांखाली, डिकीच्या रबरी कडेला, आणि वायपरच्या खालच्या खोबणीत, जिथे पानं कुजत पडलेली असतात, तिथे पाण्याचा जोराचा फवारा मारायचा. पिकअप असेल तर मागच्या हौद्यातली माती झाडून घ्यायची. माती नको. पुन्हा सांगते, माती नको. मोठ्या बेटावर ओहिया या तिथल्या रानातल्या झाडांना मारणारी एक बुरशी आहे, 2014 मध्ये ती ओळखली गेली, आणि ती मातीतून, लाकडाच्या भुशातून पसरते. रानात वापरलेल्या बुटांना आधी ब्रशने घासायचं, मग 70 टक्के अल्कोहोलचा फवारा. आधी घासणं, मग फवारा. चिखलावर मारलेला फवारा वाया जातो.

आता मुंग्या. बारकी, फिकट नारिंगी, दीड मिलिमीटरची, चालायला संथ. लिटल फायर अँट. मोठ्या बेटावर ती 1999 मध्ये सापडली. झाडावरून मानेवर पडते आणि चावते. कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांवर तिच्या चाव्यांनी पांढुरका पडदा येतो. 2013 च्या शेवटी ती मोठ्या बेटावरून पाठवलेल्या झाडासारख्या वाढणाऱ्या नेच्याच्या ओंडक्यांतून इतर बेटांवर पोचल्याचं आढळलं. म्हणजे सामानातूनच.

सामान बांधण्याआधी घराची तपासणी अशी करायची. चिनी जेवणाच्या काड्या घ्या, टोकाला पीनट बटरचा पातळ थर लावा. पातळच, कारण जाड गोळ्यात मुंग्या रुततात आणि मग त्या ओळखताच येत नाहीत. कुंड्यांच्या बुडाशी, नळाजवळ, झाडाच्या बुंध्याला, सावलीच्या ओल्या जागी काड्या ठेवा. तासाभराने उचला, चेनच्या पिशवीत घाला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि तपासणीला पाठवा. भर दुपारच्या उन्हात किंवा पाऊस पडताना ही चाचणी करू नका. मुंगी बाहेरच येत नाही आणि उगाच समाधान वाटतं. मुंगी निघाली, तर अंगणात चारा-विष एकदा टाकून भागत नाही. साधारण सहा सहा आठवड्यांनी ते पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. म्हणून ही तपासणी निघण्याच्या आठवड्यात नाही, काही महिने आधी करायची.

कुंड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नका. तुळस, कढीपत्ता, मोगरा, सगळं शेजाऱ्यांना द्या. बेटाबेटांमध्ये रोपं न्यायला शेतीखात्याची तपासणी लागते. शिवाय कुंडीत कोकी बेडकाची अंडी असू शकतात. हा प्वेर्तो रिकोचा इवलासा बेडूक, याची अंडी पाण्यात नाही, ओल्या पाचोळ्यात असतात, आणि त्यातून थेट बेडूकच बाहेर पडतो. नराची हाक अर्ध्या मीटरवरून 90 डेसिबलपर्यंत जाते. 45 अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की अंडी आणि बेडूक दोन्ही मरतात, पण तेवढ्यात बऱ्याच रोपांचाही जीव जातो. सोफ्याचंही तेच. जुना सोफा समुद्रापलीकडे नेणाऱ्या माणसाला काय म्हणावं! भाडं सोफ्याच्या किमतीहून जास्त, आणि त्याच्या पोटात काय दडलंय ते देव जाणे. आपल्याकडेही बदलीच्या गावी लोक मोडकी खुर्ची नेतात आणि पेटीभर पुस्तकं रद्दीत घालतात. असो.

जायच्या आधीचे आठवडे रिकामे गेले तर स्वयंसेवेला जा. ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात लोकांना बरोबर घेऊन परकी झाडं काढायचं काम चालतं. तिथे माजलेल्या एका झुडपाचं नाव ऐकून तुम्ही हसाल: सोनटक्क्याची बहीण! पिवळ्या फुलांची, हिमालयाकडची. लांब दांड्याच्या कात्रीने तिचे दांडे छाटायचे आणि फुलांचे तुरे पिशवीत भरायचे. गड्ड्यांना हात लावायचा नाही, त्यांचं पुढचं काम उद्यानाचे लोक करतात. गड्ड्याचा तुकडा कुठेही पडला तरी उगवतो.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी काउआईच निवडलं.

आपलं मुंगूस. शुभशकुनाचं, सापाशी वैर असलेलं. 1872 मध्ये जमैकातल्या एका मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली, कारण उसाच्या मळ्यात उंदीर फार झाले होते. नऊंची शेकड्यांनी झाली. जमैकाचे मळेवाले खूश होते, निदान सुरुवातीला. ही कीर्ती हवाईच्या साखरवाल्यांच्या कानावर गेली. 1883 मध्ये जमैकाहून 72 मुंगसं हवाईत आली आणि मोठ्या बेटावर, हिलोच्या उत्तरेला हामाकुआच्या उसात सोडली गेली. त्यांची पिलं मग माउई, मोलोकाई, ओआहू या बेटांवर रवाना झाली. हिशोब सोपा वाटला होता, मुंगूस उंदीर खाईल. पण उंदीर रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा. दोघांची गाठ हवी तितकी पडत नाही. दिवसा फिरणाऱ्या मुंगसाला काय मिळालं? जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, त्यांची पिलं. नेने नावाचा हवाईचा हंस, आज त्या राज्याचा राज्यपक्षी, तो याच तडाख्यात सापडला.

काउआईलाही पिंजरा पाठवला होता, असं सांगतात. नाविलीविली बंदराच्या धक्क्यावर पिंजरा उतरला. एका हमालाने आत काय आहे बघायला बोट जवळ नेलं, आणि मुंगसाने कडकडून चावा घेतला. हमाल चिडला. त्याने पिंजऱ्याला लाथ घातली, पिंजरा धक्क्यावरून थेट समुद्रात. संपलं! कोणी म्हणतं हमाल नव्हता, मुकादम होता. कोणी म्हणतं लाथ नव्हती, दोन्ही हातांनी उचलून फेकला. कथा आहे, कागद नाही. पण काउआईवर मुंगसाने वस्ती केलेली नाही, हे मात्र खरं, आणि तिथला म्हातारा माणूस तुम्हाला ही गोष्ट त्या बोटासकट, त्या चाव्यासकट, त्या लाथेसकट ऐकवतो.

आता पुढचं ऐका. 2007 च्या ऑगस्टमध्ये सुपरफेरी नावाची मोठी वेगवान बोट सुरू झाली. गाड्या पोटात घालून ओआहूहून काउआईला. त्याच नाविलीविली बंदरात तिच्यासमोर काय आलं? लाटांवर खेळायच्या फळ्या घेऊन माणसं पाण्यात उतरली आणि बोटीची वाट अडवून तरंगत बसली. दुसऱ्या रात्री तर बोट बंदरात शिरलीच नाही, माघारी फिरली. लोकांच्या तक्रारी अनेक होत्या: देवमाशांना धडक बसेल, पर्यावरणाचा अहवालच झालेला नाही, आणि गाड्यांच्या पोटातून मुंगूस येईल! 2009 मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर ती सेवा थांबली. आजही गाडी बार्जनेच जाते त्यामागे ही हकीकत आहे. गंमत म्हणजे त्या कंपनीच्या दोन बोटी पुढे अमेरिकन नौदलाने घेतल्या आणि त्यातल्या एकीचं नाव ठेवलं प्वेर्तो रिको. आपल्या कोकी बेडकाचं माहेर!

बरं, ही भीती कल्पनेतली नव्हती. 2012 मध्ये काउआईवर दोन जिवंत मुंगसं पकडली गेली, त्यातलं एक बंदराजवळच. म्हणून गाडी आणि पेट्या बांधताना ताडपत्रीच्या घड्या, रचलेले टायर, लाकडाच्या फळ्यांचे ढीग उलगडून बघायचे. मुंगूस अंधारी, अरुंद जागा शोधतं. काउआईवर मुंगूस दिसलं तर 643-7378 या सरकारी क्रमांकावर लगेच कळवायचं. पाठलाग करायचा नाही, फक्त जागा नीट लक्षात ठेवायची.

काउआईला पोचल्यावर ओळखी होण्यासाठी स्वयंसेवेहून चांगला मार्ग नाही. तिथे डोंगरात बिळं करून राहणारे आओ नावाचे समुद्रपक्षी आहेत, जगातले बहुतेक आओ याच बेटावर वाढतात. मुंगूस नाही, हे त्यामागचं एक कारण. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांची पिलं पहिल्यांदा रात्री समुद्राकडे उडतात, गावातल्या दिव्यांनी गोंधळतात आणि रस्त्यावर पडतात. 1979 पासून लोक त्यांना उचलून देत आले आहेत. गाडीत एक टॉवेल आणि भोकं पाडलेलं खोकं ठेवा. पिलू दिसलं की मागून टॉवेल टाका, पंख अंगाला मिटून धरा, खोक्यात ठेवा. खायला नाही, पाणी नाही. हवेत उडवून बघायचं तर मुळीच नाही, आत मार लागलेला असू शकतो. अग्निशामक केंद्राबाहेर यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात, तिथे पिलू द्या आणि ते कुठे सापडलं ते चिठ्ठीवर लिहा. आणि त्या तीन महिन्यांत अंगणातला बाहेरचा दिवा रात्री बंद ठेवा. नमस्कार.